छोट्या सीएनसी मिलिंगवरचा बॅकलॅश: आधी जागा शोधा, मग पाना उचला

३०१८ सारख्या टेबलावरच्या सीएनसीवर २२ मिमीचं गोल पॉकेट काढलं आणि ६०८ बेअरिंग त्यात बसेना. व्हर्नियर लावला तर एक्स दिशेत २१.८८, वाय दिशेत २१.९५. पॉकेटच्या भिंतीवरून नख फिरवलं की घड्याळातल्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी बारीकशी पायरी लागते. ही बॅकलॅशची, म्हणजे मोटर आणि टेबल यांच्यामधल्या ढिलाईची, खूण. ३ आणि ९ वर एक्स अक्ष दिशा बदलतो, १२ आणि ६ वर वाय. दिशा बदलताना मोटर फिरते, स्क्रू फिरतो, पण मधली ढिलाई संपेपर्यंत टेबल जागचं हलत नाही. तेवढा वेळ कटर एकाच रेषेत चालतो आणि गोलाला सपाट कड येते.

असं दिसलं की बहुतेक जण नवा नट (स्क्रूवर चालून टेबल सरकवणारा) मागवतात. नट येतो, बसतो, आणि निम्म्या वेळा फरक काहीच पडत नाही, कारण ढिलाई बेअरिंगमध्ये असते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मोटरपासून टेबलापर्यंत ढिलाई पाच ठिकाणी असू शकते: कपलर (मोटर आणि स्क्रू जोडणारा), स्क्रूचं आडवं, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दिशेने, सरकणं, नटाचे आटे, नट ज्यात बसतो तो ब्लॉक, आणि टेबलाचे गाइड. डायलवर (बारीक सरक काट्याने दाखवणाऱ्या गेजवर) दिसतो तो या सगळ्यांचा मिळून आकडा. प्रत्येकाचा उपाय निराळा, म्हणून आकडा फोडून बघायचा.

हा बॅकलॅशच आहे ना?

माप चुकण्याची कारणं बरीच असतात आणि व्हर्नियरवर ती सारखीच दिसतात. त्यांना वेगळं करायला एक सोपा तुकडा पुरतो. ॲक्रिलिक किंवा एमडीएफच्या एकाच तुकड्यावर २० मिमी व्यासाचं पॉकेट आणि २० मिमी व्यासाची उभी गोल चकती काढा. दोन्हीला ३.१७५ मिमीचा तोच कटर. आधी ०.२ मिमी माल ठेवून रफ, मग एक फिनिश पास. दोन्ही एक्समध्ये आणि वायमध्ये मोजा.

बॅकलॅश असेल तर कटरचा मार्गच तेवढ्याने आखूड होतो. म्हणून पॉकेटही लहान येतं आणि चकतीही लहान येते. कॅममध्ये (कटरचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कटरचा व्यास खऱ्यापेक्षा कमी टाकला असेल किंवा कोलेटमध्ये (कटर धरणाऱ्या पकडीत) कटर वेडावाकडा फिरत असेल, तर पॉकेट मोठं आणि चकती लहान येते. कटर जोराने वाकत असेल तर उलट: पॉकेट लहान, चकती मोठी. म्हणजे दोन्ही मापं एकाच बाजूला चुकली तरच पुढे वाचा. नुसतं पॉकेट मोजून निष्कर्ष काढला तर कटर वाकल्याचा दोष नटाच्या माथी बसतो.

आणखी दोन शक्यता राहतात. १० मिमीला ०.०५, ५० मिमीला ०.२५, १०० मिमीला ०.५ असा अंतराच्या प्रमाणात फरक वाढत असेल तर 'स्टेप्स पर मिमी'चं सेटिंग चुकलंय. जीआरबीएलमध्ये (अशा मशीनच्या बोर्डावरच्या फर्मवेअरमध्ये) ते $१००, $१०१ आणि $१०२. बॅकलॅश अंतराबरोबर वाढत नाही, १० मिमीला जेवढा तेवढाच १०० मिमीला. आणि जॉब जसजसा पुढे जाईल तसतसं शून्य सरकत गेलं, शेवटी मशीन सुरुवातीच्या बिंदूवर परतलंच नाही, तर मोटर स्टेप गाळतेय. तिथे फीड, ॲक्सिलरेशन आणि ड्रायव्हरचा करंट बघा, नटाला हात लावू नका.

डायल कसा लावायचा

एका रेघेला ०.०१ मिमी दाखवणारा साधा डायल आणि मॅग्नेटिक स्टँड एवढं पुरे. अडचण अशी की या मशीनचा बेड ॲल्युमिनियमचा असतो, चुंबक धरत नाही. ६ मिमी जाडीची, साधारण तळहाताएवढी एमएसची (साध्या पोलादाची) पट्टी टी-स्लॉटमध्ये बोल्टने आवळा आणि स्टँड तिच्यावर ठेवा. स्टँडचे सगळे सांधे घट्ट करा, हात लांब सोडू नका. डायलच्या मागच्या नळीला बोटाने हलकेच टेकलं आणि काटा दोन रेघा सरकून तसाच राहिला तर तुम्ही मशीन नाही, स्टँड मोजताय.

३०१८ वर स्पिंडल एक्समध्ये सरकतं आणि बेड वायमध्ये. एक्ससाठी स्टँड बेडवर, डायलचं टोक स्पिंडलच्या क्लॅम्पवर. वायसाठी स्टँड बेडखालच्या फ्रेमवर किंवा मशीन ज्या लोखंडी पाटावर आहे त्यावर, आणि टोक बेडच्या कडेवर. टोक अक्षाला समांतर असू द्या. दहा अंश तिरकं असलं तरी वाचन जेमतेम दीड टक्क्याने चुकतं, पण टोक घासून अडकतं आणि ती अडचण मोठी.

एक गोष्ट सहसा सुटते: डायलच्या आतल्या स्प्रिंगचा स्वतःचा दाब असतो. हलक्या, तेल घातलेल्या टेबलाला तो एका बाजूला ढकलून ठेवतो आणि ढिलाई लपवतो. म्हणून टोक जेमतेम एक मिमी आत जाईल एवढंच दाबून ठेवा. लिव्हर डायल असेल तर उत्तम, त्याचा दाब फारच कमी असतो.

पहिलं माप: दिशा बदलून

मोटर चाचणीभर लॉक राहायला हवी, म्हणून जीआरबीएलमध्ये $१=२५५ करा. नाहीतर प्रत्येक चालीनंतर मोटर सैल सुटते आणि रोटर जागा बदलू शकतो. मग:

१. जी२१ (मापं मिमीत), जी९१ (आहे त्या जागेपासून चाल), फीड १००. एक्स +२ मिमी चालवा. ढिलाई एका बाजूला दाबली गेली.
२. डायल शून्यावर आणा.
३. एक्स +०.५ चालवा. डायलवर ०.५० दिसायला हवं.
४. एक्स −०.५ चालवा. डायल शून्यावर परतला नाही, ०.१२ वर थांबला, तर बॅकलॅश ०.१२ मिमी.

हे पाच वेळा करा. आकडा एक-दोन रेघांच्या आत तोच यायला हवा. वाढत गेला तर वर सांगितलेली स्टेप गाळण्याची शंका खरी.

मग हीच चाचणी अक्षाच्या डाव्या टोकाला, मधोमध आणि उजव्या टोकाला घ्या. जुन्या मशीनवर ही पायरी फार बोलकी ठरते. रोजचा जॉब बेडच्या मधोमध होतो, तिथलेच आटे झिजतात. मध्ये ०.२० आणि टोकांना ०.०८ असं आलं तर स्क्रू स्वतः झिजलाय. अशा स्क्रूवर मधल्या जागी नट आवळला की टोकाला जाऊन अडकणार. तिथे स्क्रू आणि नट दोन्ही बदलण्याला पर्याय नाही.

कुठपर्यंत पाठलाग करायचा, तेही आधी ठरवा. लाकडाला ०.१ मिमी चालतो. ०.२ मिमीच्या ट्रॅकची पीसीबी कोरायची तर ०.०५ च्या आत हवा. ॲल्युमिनियममध्ये बेअरिंग दाबून बसवायचं तर ०.०२. टी८ स्क्रूवर (अशा मशीनवरचा ८ मिमीचा आट्यांचा स्क्रू) याच्या खाली जायचा हट्ट धरू नका, आणि त्याचं कारण मोटरमध्ये आहे. ४ मिमी लीडच्या, म्हणजे एका फेऱ्यात ४ मिमी सरकवणाऱ्या, स्क्रूवर २०० स्टेपची मोटर लावली की एक पूर्ण स्टेप म्हणजे ०.०२ मिमी. १६ मायक्रोस्टेपमुळे सेटिंगमध्ये ८०० स्टेप्स पर मिमी दिसतं खरं, पण मायक्रोस्टेप हे लोहचुंबकाच्या स्प्रिंगवर टांगलेलं असतं. पूर्ण ताकदीचा भार आला की रोटर एका स्टेपएवढा मागे राहतो. ते ०.०२ कुठलाही नट काढून देणार नाही.

दुसरं माप: ढकलून आणि ओढून

आता मोटर लॉक ठेवून टेबल (एक्सवर स्पिंडल) हाताने ढकला आणि ओढा. नुसत्या हाताच्या अंदाजापेक्षा बॅगा तोलायचा हुकाचा काटा लावा. अर्धा किलो, एक किलो, दोन किलो असं ओढत डायल वाचा, मग उलट बाजूने तेच.

काटा थोड्याशाच जोराला एकदम ०.१० सरकला आणि मग पुढे जाईना, तर ती मोकळी ढिलाई. जोराच्या प्रमाणात थोडा थोडा सरकत गेला आणि सोडल्यावर जागेवर परत आला, तर ती लवचीकता: फ्रेम, स्पायरल कपलर किंवा प्लॅस्टिकचे होल्डर वाकतायत. लवचीकतेवर अँटी-बॅकलॅश नटाचा काडीचा उपयोग नाही. तिथे कट कमी खोल घ्यावा लागतो किंवा तो भाग जाड बसवावा लागतो.

जागा शोधणं

मोटरकडून टेबलाकडे क्रमाने या.

कपलर: मोटर शाफ्ट, कपलर आणि स्क्रू यांच्यावर परमनंट मार्करने एक सरळ रेघ मारा. टेबल दोन्ही बाजूंना जोरात ढकला. टी८ चा ४ मिमी लीडचा स्क्रू टेबल ढकलल्यावर उलटा फिरू बघतो, त्यामुळे ग्रब स्क्रू (कपलर शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) सैल असेल तर रेघ तुटलेली दिसते. डोळ्याला पाच अंश म्हणजे काहीच नाही, पण ४ भागिले ३६० गुणिले ५ म्हणजे ०.०५६ मिमी. रेघ बारीक टोकाने मारा आणि भिंगातून बघा.

स्क्रूचं आडवं सरकणं: स्क्रूच्या मोकळ्या टोकाला मध्यभागी खळगा असेल तर त्यात ग्रीस लावून बेअरिंगचा एक छर्रा चिकटवा आणि डायलचं टोक त्या छर्‍यावर टेकवा. खळगा नसेल तर टोकाच्या मध्यावर. स्क्रू फिरवायचा नाही, फक्त टेबल ढकलायचं आणि ओढायचं. डायल हलला तर स्क्रू स्वतःच पुढेमागे सरकतोय. स्वस्त मशीनमध्ये हाच मोठा वाटेकरी निघतो. तिथे स्क्रूला धरणारं स्वतंत्र थ्रस्ट बेअरिंगच (लांबीच्या दिशेचा जोर घेणारं) नसतं, सगळा जोर कपलरमधून मोटरच्या आतल्या बेअरिंगवर जातो. नेमा १७ मोटरमध्ये ती बेअरिंगं एका लाटदार, स्प्रिंगसारख्या वॉशरने दाबून धरलेली असतात. मोटरच्या डेटाशीटमध्ये ४५० ग्रॅम भाराला ०.०८ मिमीपर्यंत अक्षीय सरक चालते असं लिहिलेलं असतं. कटरचा जोर ४५० ग्रॅमपेक्षा सहज जास्त असतो. म्हणजे नट कितीही भारी आणा, ०.०८ तिथेच पडून राहणार.

नट आणि त्याचा ब्लॉक: स्टँड टेबलाच्या खालच्या भागाला लावून डायल नटाच्या फ्लँजवर टेकवा. ढकलल्यावर फ्लँज ब्लॉकपासून वेगळी हलली तर दोष बोल्टांचा किंवा ब्लॉकचा. स्क्रू फिरत नाही, सरकत नाही, फ्लँज ब्लॉकला घट्ट आहे, तरीही टेबल हलतं, तर मग नटाचे आटे.

गाइड: डायल टेबलाच्या मध्यावर एकदा आणि दोन्ही कोपऱ्यांवर एकेकदा लावा. मध्यावर ०.०४ आणि कोपऱ्यावर ०.१५ आलं तर टेबल सरळ सरकण्याऐवजी मान वळवतंय. दांडे आणि लिनिअर बेअरिंग यांच्यातली ही ढिलाई, स्क्रूशी तिचा संबंध नाही.

आता बेरीज करा. समजा एकूण ०.१८ होता, पैकी स्क्रूची सरक ०.०७, नट ०.०८, ब्लॉक ०.०३. बेरीज जुळली की शोध संपला. जुळत नसेल तर एखादी जागा राहिलीय, परत जा.

दुरुस्ती, त्याच क्रमाने

ग्रब स्क्रू काढा, आटे आणि शाफ्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मोटर शाफ्टला सपाट बाजू असेल तर एक ग्रब नेमका त्या सपाटीवर यायला हवा. गोलाईवर बसलेला ग्रब चार दिवसांत सुटतो. मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर एक थेंब, आणि एलन की चांगली घ्या, मशीनबरोबर आलेल्या मऊ किल्लीने षट्कोन गोल होतो. थ्रेडलॉकर ॲक्रिलिक, एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटच्या भागाला लागू देऊ नका, त्यांना तडे जातात.

स्क्रूची सरक काढायला मोटरच्या बाजूच्या प्लेटच्या दोन्ही अंगांना थ्रस्ट बेअरिंग बसवा. ८ मिमीच्या स्क्रूसाठी एफ८-१६एम, म्हणजे आतून ८, बाहेरून १६, जाडी ५ मिमी. दोन बेअरिंग, दोन ८ मिमीचे लॉक कॉलर. क्रम असा: कॉलर, बेअरिंग, प्लेट, बेअरिंग, कॉलर. प्लेटमधलं भोक ८ मिमीपेक्षा थोडं मोठं हवं आणि तिचं तोंड स्क्रूला काटकोनात हवं, नाहीतर प्रत्येक फेऱ्यात बेअरिंग एकदा घट्ट एकदा सैल होईल. एक कॉलर आधी पक्का करा. दुसरा हाताने दाबून धरून आवळा. मग कपलर सोडून स्क्रू दोन बोटांत फिरवून बघा: सगळीकडे सारखा, किंचित जड, कुठेही दातरा नाही. छर्‍यावरचा डायल आता एका रेघेपेक्षा जास्त हलता कामा नये. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरच्या दुकानांत ही बेअरिंगं सुटी मिळतात, सोबत कॉलर आणि पातळ शिमही (फट भरायच्या पत्र्याच्या चकत्या) घेऊन ठेवा.

हे केल्यावर कपलरवर अक्षीय भार उरत नाही. तोवर मात्र स्पायडर कपलर लावून उपयोग नाही, कारण तो ओढ धरतच नाही, नुसता मधल्या रबरावर टेकलेला असतो. स्पायरल कापलेला ॲल्युमिनियमचा कपलर ओढ धरतो, पण स्प्रिंगसारखा ताणतो.

दुसऱ्या टोकाला मात्र थ्रस्ट नको. तिथे ६०८ किंवा केएफएल०८ सारखं साधं बेअरिंग ठेवा आणि स्क्रूला त्यात लांबीच्या दिशेने सरकायला मोकळीक द्या. दोन्ही टोकं जखडली तर उन्हाळ्यात गोंधळ होतो. ॲल्युमिनियमची फ्रेम स्टीलच्या स्क्रूच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ३०० मिमी लांबीला २० अंशांच्या फरकात ते अंतर ०.०७ मिमी होतं, आणि सकाळी जुळवलेला ताण दुपारी तसाच राहत नाही.

ब्लॉकचे बोल्ट आवळण्याआधी टेबल मोटरच्या टोकाजवळ आणा, बोल्ट सैल ठेवून स्क्रू हाताने फिरवा, नटाला आपली जागा घेऊ द्या, मग थोडे थोडे आलटून पालटून आवळा. ब्लॉक वाकडा धरला तर एका टोकाला सगळं हलकं आणि दुसऱ्या टोकाला जड होतं.

नटाकडे आता या. साध्या पितळी टी८ नटाची ढिलाई साधारण ०.१ ते ०.३ मिमी असते. स्प्रिंगवाला अँटी-बॅकलॅश नट दोन भागांचा: मधली स्प्रिंग दोन्ही भागांना उलट बाजूंना ढकलते आणि आट्यांच्या दोन्ही भिंती स्क्रूला टेकून राहतात. तो बसवताना स्प्रिंग जवळजवळ पूर्ण दाबून धरा आणि तशीच स्क्रूवर चढवा. सैल चढवली तर स्प्रिंग आहे आणि दाब नाही अशी गत होते. पूर्ण दाबूनही मर्यादा राहते: एका दिशेचा जोर पितळ घेतं, दुसऱ्या दिशेचा स्प्रिंग घेते. कटरचा जोर स्प्रिंगपेक्षा वाढला की ती दबते आणि ढिलाई परत उघडते. लाकूड, पीसीबी, ॲक्रिलिकला ती पुरते. ॲल्युमिनियमला कमी पडते.

तिथे स्प्रिंगऐवजी दोन नट आणि मध्ये शिम हा मार्ग जास्त खात्रीचा. एक नट ब्लॉकला पक्का, दुसरा त्याच्या पाठीला, मध्ये पातळ शिम. इथे गणित लक्षात ठेवा: ४ मिमी लीडवर नट एक चतुर्थांश फिरवला की १ मिमी सरकतो. फ्लँजला चार भोकं असतात, म्हणजे भोकाभोकाने फिरवून जुळवणं अशक्य. ०.१ मिमीसाठी फक्त ९ अंश लागतात. म्हणून दुसऱ्या नटाच्या भोकांना कानसने लांबट करा, किंवा शिमची जाडी बदलत जा, ०.०५ च्या टप्प्याने. स्क्रू बोटांनी फिरतो, डायलवर दोन-तीन रेघा उरतात, तिथे थांबा.

पॉम या कडक प्लॅस्टिकचे पांढरे किंवा काळे नट-ब्लॉक येतात, त्यांना चीर आणि जुळवायचा स्क्रू असतो. तो एकेक अष्टमांश फेरा आवळा आणि प्रत्येक वेळी टेबल पूर्ण लांबी चालवून बघा.

बॉलस्क्रूवाल्या (आट्यांत छर्रे फिरणाऱ्या स्क्रूच्या) मशीनचं तंत्र थोडं वेगळं. एसएफयू१२०४ किंवा १६०५ चा नट बहुधा ०.०५ च्या आत असतो, त्यामुळे ०.१ पेक्षा जास्त आलं तर संशय आधी बीके ब्लॉकवर (स्क्रूचं मोटरकडचं टोक धरणाऱ्या) घ्या. बीके१२ मध्ये ७००१ चं अँग्युलर काँटॅक्ट जोडबेअरिंग अपेक्षित असतं, स्वस्त ब्लॉकमध्ये साधं ६००१ निघतं आणि त्याला आडवी ढिलाई जन्मजात असते. बदलताना जोडीची मांडणी बघा. पाठीला पाठ लावली असेल तर आतल्या कड्या लॉकनटने आवळल्या की ताण येतो. तोंडाला तोंड असेल तर बाहेरच्या कड्या झाकणाने दाबाव्या लागतात, आणि त्यासाठी झाकणाचे स्क्रू लावण्याआधी झाकण आणि ब्लॉक यांच्यात बारीकशी फट दिसायला हवी. झाकण आधीच ब्लॉकला टेकत असेल तर ते बेअरिंगला दाबतच नाही. आत शिम घाला.

बॉलनट मात्र स्क्रूवरून सहज उतरवू नका. आट्यांच्या तळाच्या व्यासापेक्षा किंचित बारीक नळी स्क्रूच्या टोकाला लावून नट तिच्यावर सरकवायचा. नळी नसेल तर छर्रे जमिनीवर जातात, आणि एक जरी हरवला तरी नट बिघडला समजा.

जड टेबल हेही बॅकलॅशसारखं दिसतं

सगळं आवळून झालं आणि डायलवर अजून ०.०४ दिसतंय? कदाचित आता जास्त आवळलं गेलंय. टेबल जड असेल तर मोटरचा रोटर मागे राहतो, कपलर पिळतो, मग टेबल सुटतं. घर्षण मोटरच्या धारण ताकदीच्या निम्मं असेल तर रोटर एक तृतीयांश स्टेप मागे राहतो, दिशा बदलली की तेवढाच पलीकडे. टी८ वर हे दोन्ही मिळून सुमारे ०.०१३ मिमी, कपलरची पीळ त्यावर वेगळी. ओळख सोपी आहे: नट किंचित सैल केल्यावर आकडा कमी झाला तर तो घर्षणाचा होता. डव्हटेलच्या मिलिंगवर गिबचंही (गाइडमधली ढिलाई घेणाऱ्या पट्टीचंही) हेच. कमालीचा घट्ट गिब सैल गिबइतकाच माप बिघडवतो.

वंगणाची हयगय नको. बॉलस्क्रूला लिथियम ग्रीस. पितळी नटाला हलकं ग्रीस किंवा पीटीएफईचं कोरडं वंगण. एमडीएफ कापणाऱ्यांनी कोरडंच वापरावं, कारण भुसा ग्रीसमध्ये मिसळला की त्याची घासायची पेस्ट होते आणि नट महिन्याभरात खाते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात स्क्रूवर गंज धरतो, तिथे मशीन बंद ठेवण्याआधी तेलाचं फडकं फिरवा.

झेड

झेड अक्षावर स्पिंडलचं वजन नटाला कायम खाली दाबून ठेवतं, त्यामुळे ढिलाई सहसा दिसत नाही. ती दिसते ड्रिलिंगमध्ये: ड्रिल मालाला टेकला की स्पिंडल नटाच्या मानाने वर उचललं जातं, ढिलाई संपली की मगच खाली जातं. भोकांची खोली कमीजास्त येत असेल तर डायल स्पिंडलखाली लावून स्पिंडल बोटांनी वर उचलून बघा.

सॉफ्टवेअरची भरपाई

लिनक्ससीएनसी आणि मॅक३ मध्ये बॅकलॅशचा आकडा भरायची सोय आहे. जीआरबीएल १.१ मध्ये नाही. भरपाई एवढंच करते की दिशा बदलताना मोटर तेवढी जादा फिरवते. टेबल त्या ढिलाईत मोकळंच असतं, कटर त्याला हवं तसं ओढतो. म्हणून ०.१५ ची ढिलाई भरपाईवर सोडून कापलं तर मापं जुळतील पण भिंत खरबरीत येईल. दुरुस्तीनंतर उरलेल्या ०.०३ ला भरपाई शोभते, आणि मोजलेल्यापेक्षा किंचित कमी भरावी, जास्त भरली तर चारही पायऱ्या उलट्या बाजूने उमटतात.

जीआरबीएलवाल्यांनी कॅममध्ये सांभाळावं. भोकं पाडताना प्रत्येक भोकावर एकाच दिशेने या: अर्धा मिमी पलीकडे जाऊन परत. ढिलाई असलेल्या मशीनवर क्लाइंब टाळा आणि कन्व्हेन्शनल कापा. क्लाइंबमध्ये कटर टेबलाला फीडच्याच दिशेने ओढतो, टेबल ढिलाईभर पुढे उडी मारतं, एका दाताला दुप्पट माल येतो आणि बारीक कटर तिथेच तुटतो. कन्व्हेन्शनलमध्ये जोर फीडच्या उलट असतो, त्यामुळे नट एकाच भिंतीला टेकून राहतो.

शेवटी तोच २० मिमीचा तुकडा परत कापा, पहिल्याच्या शेजारी ठेवून मोजा, आणि दोन्ही आकडे तारखेसह मशीनच्या फ्रेमवर चिकटवा. नवा पितळी नट पहिल्या काही तासांत आट्यांवर बसतो आणि एक-दोन रेघा उघडतो, तेव्हा तासाभराचे चार-पाच जॉब झाले की दिशा बदलायची चाचणी पुन्हा घ्या आणि शिम त्यानंतरच कायमची पक्की करा.